सातव्या पट्ट्यातला खळगा

चहाचा कप ओठाला लावता लावता प्रसेनजीतने ती ई-मेल वाचली आणि कप तसाच टेबलावर ठेवला. ई-मेल साधीच होती. अमेरिकेतल्या ज्या कंपनीसाठी तो गेले काही महिने कॉम्प्युटरवरच्या गोल्फच्या खेळाचं मैदान तयार करत होता, तिथल्या कुणा तपासनिसाने ती पाठवली होती. मैदानातल्या, चेंडू मारत न्यायच्या अठरा पट्ट्यांपैकी सतरा त्याने पास केले होते, वर कौतुकही केलं होतं. जमिनीचे उतार फार खरे वाटतात, पाणी जिकडे वाहायला हवं तिकडेच वाहील असं वाटतं, वगैरे. फक्त सातव्या पट्ट्यात एक गोष्ट कळली नाही, असं त्याने लिहिलं होतं. कातरलेल्या गवताच्या ऐन मध्यावर एक लांबट खळगा आहे, जेमतेम तीन फुटांचा. त्याच्यावर वाळक्या काटेरी फांद्या आडव्यातिडव्या टाकल्या आहेत आणि कडेने धोंडे लावले आहेत. गोल्फमध्ये असला अडथळा कुठे बघितलेला नाही. तुमच्याकडची काही पद्धत आहे का? नसेल तर काढून टाकावं आणि जमीन सपाट करावी. प्रसेनजीतला आधी रागच आला. असलं काही आपण केलेलंच नाही, ह्या गोऱ्याने दुसऱ्या कुणाचं तरी मैदान उघडलेलं दिसतंय, असं मनाशी म्हणत त्याने सातवा पट्टा उघडला. स्क्रीनवर आधी आभाळ आलं, मग टेकडी, मग हिरवा उतार एकेका पट्टीने खाली खाली भरत गेला. आणि उताराच्या पायथ्याशी, गवताच्या मधोमध, ते होतं. आपणच केलेलं होतं. फांद्या टाकण्याची रीतही ओळखीची होती, बुडखे बाहेर आणि काटे आत, म्हणजे कोल्ह्याला तोंड घालता येऊ नये. ते बघताना त्याच्या उजव्या तळहातात, अंगठ्याच्या खालच्या मांसात, बारीक काहीतरी टोचल्यासारखं झालं. हात उलटा करून त्याने पाहिला. हातात काहीच नव्हतं.

ऑफिस राजारामपुरीत एका बेकरीच्या वर होतं. ऑफिस म्हणजे काय, तीन कॉम्प्युटर, एक पंखा, आणि लाइट गेली की कोंबडं कापल्यासारखा ओरडणारा यूपीएस. मालक अमरसिंह. पोटापाण्याला लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे अहवाल आणि गणपती मंडळांच्या पावत्या. त्यात अमेरिकेतल्या मावसभावाने हे काम मिळवून दिलं आणि अमरसिंहाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे एक मैदान पास झालं की पुढची सगळी कोल्हापुरालाच, असं ठरलेलं. गोल्फ दोघांनीही केबलवर पाहिलेला तेवढाच. "आपल्याकडं मातीत माणसं लोळत्यात, त्यांच्याकडं चेंडू लोळतोय, फरक तेवढाच," असं म्हणून अमरसिंहाने त्या खेळाचा निकाल लावला होता. कंपनीला मैदान संपूर्ण काल्पनिक पाहिजे होतं. डोंगराळ मुलूख, हवेशीर, जगात कुठेही नसलेला. अमरसिंहाने त्याला 'पन्हाळा रॉयल' असं नाव देऊन टाकलं, आणि सर्व्हेचं शिक्षण झालेल्या प्रसेनजीतच्या हाती माऊस दिला. प्रसेनजीतला ते काम बघता बघता इतकं गोड लागलं की त्याची त्यालाच लाज वाटायची. त्याच्या घराण्यात कधी कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. आजा दुसऱ्याच्या बांधावर राबला, आप्पांनी सूतगिरणीत जन्म काढला. आणि इथे तो बसल्या जागी टेकड्या उचलत होता, ओढे वळवत होता, पाहिजे तिथे झाडं लावत होता, आणि सातबारा बघायला कुणी येत नव्हतं. माऊसचं बटण दाबलं की जमीन बोटभर वर यायची, दुसरं दाबलं की बसायची. पन्हाळ्याचे कडे त्याने घेतले, जोतिबाच्या बाजूचे माळ घेतले. बाकी सगळं मनाचं, असं तो समजत होता. मनाचं म्हणजे कुठलं, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. आता सातवा पट्टा समोर उघडा ठेवून तो खालचा ओढा बघत होता, ओढ्यापलीकडची ती तिरकी चढण बघत होता, आणि त्याला कळत होतं की हे मनाचं बिनाचं काही नाही. हे त्याच्या गावचं गायरान आहे. वडगावच्या रस्त्याला लागताना डाव्या हाताला होतं ते. जाणीव नसताना हाताने सगळं आणून ठेवलं होतं, फक्त वर गवत पेरलं होतं.

त्याची धाकटी बहीण निशा तापाने गेली तेव्हा चार वर्षांची होती. तिच्याबद्दल त्याला आठवतं ते फार थोडं आणि तेही अर्धंमुर्धं. भाकरीचा पापुद्रा तिला लागायचा, खालची भाकरी ती त्याच्या ताटात टाकायची. वस्तीतल्या विहाराच्या पायरीवर बसून ती मोठ्यांच्या सुरात सूर मिसळून त्रिशरण म्हणायची आणि शब्द आले नाहीत की नुसतीच मान डोलवायची. एवढंच. पण तो दिवस मात्र सगळाच्या सगळा शाबूत होता, झाकण लावून ठेवल्यासारखा. आप्पांनी तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून दोन्ही हातांवर घेतलं होतं. तिरडी नव्हती, एवढ्या लहान लेकराला तिरडी लागत नाही. पुढे वस्तीतले ज्ञानूतात्या खोरं घेऊन. त्या काळी वस्तीतल्या बायका मातीला ओढ्यापर्यंत जायच्या आणि तिथून माघारी फिरायच्या. ओढ्यापलीकडे फक्त पुरुष. आई ओढ्यावर थांबली. आप्पा मागे न बघता त्याला म्हणाले, "चल." तो गेला. तो पुरुष होता. पाणी घोट्याएवढं होतं आणि गार होतं. खड्डा खणताना वर मुरूम लागला, खाली मऊ तांबूस माती. प्रत्येकाने मूठमूठ माती दिली, त्यानेही दिली. मग ज्ञानूतात्यांनी बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि त्यातली एक ओढत आणायचं काम त्याला दिलं, पोर मोकळं उभं नको म्हणून असेल. तेव्हा तो काटा तळहातात मोडला. घरी येऊन त्याने कुणाला दाखवला नाही. घरात त्या दिवशी काटा दाखवण्यासारखं कुणी नव्हतंच. काटा आत पिकला, फुटला, गेला, आणि खूण राहिली की नाही ते त्याने कधी नीट पाहिलं नाही.

त्यानंतर आप्पा तिकडे गेले नाहीत. पावसाळा झाला की अशा जागेची माती आत बसते, खळगा पडतो, मग घरच्या माणसाने जाऊन पाटीभर माती टाकायची असते. सगळे टाकतात. आप्पांनी टाकली नाही. रोज सायकलवरून त्याच रस्त्याने जायचे, पण मान उजवीकडे वळवून. आई विचारायची, "कुटं ठिवलीसा तिला?" आप्पा म्हणायचे, "वड्याच्या पल्याड." बस, एवढं. पुन्हा विचारलं तर उठून बाहेर जायचे. हळूहळू तिने विचारायचं सोडून दिलं. पण भाकरी थापताना मध्येच तिचा हात थांबायचा, आणि तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर व्हायचा, आणि काय झालं ते सगळ्यांना कळायचं. आप्पा गेले. ज्ञानूतात्या त्यांच्या आधीच गेले होते. ती नेमकी जागा माहीत असलेला माणूस जगात एकच उरला, आणि तो कोल्हापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत आईला घेऊन राहत होता, आणि तिला ते कधी सांगत नव्हता. सांगणार काय? वडगावचा रस्ता रुंद केला तेव्हा मुरूम त्याच गायरानातून काढला होता. आधी मशीन आलं, मग ट्रॅक्टर, मग ट्रक. तो तेव्हा डिप्लोमाला होता; सुट्टीला गावी आला आणि एसटीतून उतरताना त्याने पाहिलं, की जिथे चढण होती तिथे आभाळ आहे. ती जागा उकरून टाकली किंवा बुजवून टाकली असं नव्हतं, ती जागा उचलून नेली होती. जमिनीत नव्हतीच ती आता. कुठे असेल तर वर, हवेत, पुरुषभर उंचीवर. रस्ता तेवढा गुळगुळीत झाला होता.

त्या दिवशी त्याने सपाट करण्याचा ब्रश घेतला आणि तो खळग्यावर नेऊन धरला. बोट बटणावर होतं. दाबणं एवढंच काम. पण बोट दाबेना. त्याने स्वतःची समजूत घालून पाहिली: हे चित्र आहे, लेका. आकडे आहेत. ह्याच्या खाली काही नाही, ह्याला खाली असं नसतंच. मग डोक्यात दुसराच विचार येऊन बसला, की तिकडे मशीन घालणाऱ्या ड्रायव्हरला तरी ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे. ह्या सबंध जगात निशाला ठेवलेली जागा एवढी एकच शिल्लक आहे आणि ती सपाट कर म्हणून मलाच सांगतायत. त्याने ब्रश सोडला आणि उगीच नवव्या पट्ट्यावरची झाडं इकडची तिकडे केली. संध्याकाळी अमरसिंहाने विचारलं, "झालं का पावणं?" लाडात आला की तो प्रसेनजीतला पावणं म्हणायचा. प्रसेनजीत म्हणाला, "करतो." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी अमरसिंह खुर्ची ओढून शेजारी बसला. "हे बघ, मला त्यातलं कळत न्हाय. पर तिकडनं परत ई-मेल आलीय. एका खड्ड्यापायी अख्खं काम थांबवायचं व्हय? येवढा जीव का अडकलाय तुझा त्यात?" हा माणूस वाईट नव्हता. सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं, डोळ्यांत पाणीही आणलं असतं. पण काही गोष्टी सांगायच्या म्हटलं की तोंडात मातीच येते. "उद्या करतो," प्रसेनजीत म्हणाला.

उद्या तो ऑफिसला गेलाच नाही. घरून निघाला, कावळा नाक्याला पोचला आणि गाडी ऑफिसकडे वळवायची ती सरळ हायवेला घातली. जाऊन काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. गायरानाशी त्याने गाडी लावली. खाणीत पाणी साठलं होतं, हिरवं, हालचाल नसलेलं, आणि त्यात तीन-चार म्हशी डोळे मिटून बसल्या होत्या. ओढ्याला पाणी नव्हतं. तो ओढ्याच्या पात्रात उभा राहून वर बघत राहिला आणि अंदाज घेऊ लागला, की ती जागा इथून कितपत उंच, कितपत आत. सर्व्हे शिकलेला माणूस. आजवर त्याने लोकांच्या बांधांचे तंटे मोजून मिटवले होते. इथे मोजायला काही उरलं नव्हतं. तरी त्याची नजर हवेत एका ठिकाणी जाऊन थांबली आणि तिथून हलेना. त्या रिकाम्या जागेतून एक बगळा सरळ उडत गेला, आणि प्रसेनजीतच्या अंगावर असा काटा आला की तो मागे न बघता गाडीपर्यंत पळाला. भर उन्हात, एवढा बाप्या माणूस, पळाला. वाटेत त्याने आपल्याला खूप शिव्या घातल्या, आणि त्या भरात निश्चयही केला की आता जायचं आणि पहिल्या झटक्यात तो खळगा भरून टाकायचा. जिथे जमीनच राहिली नाही तिथे चित्राचं काय घेऊन बसलास.

ऑफिसचा जिना चढून तो वर आला तर प्लास्टिकच्या खुर्चीवर पारूबाई, त्याची आई, बसली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, पायातल्या चपला दाराबाहेर. ह्या ऑफिसात ती कधी आली नव्हती. अमरसिंह तिच्यापुढे उभा होता आणि त्याचा चेहरा कसानुसा झाला होता. "मी घरी फोन लावलेला," तो घाईने म्हणाला. "तू आला न्हाईस म्हणून. मावशीस्नी म्हटलं, तुमचं पोरगं येक खड्डा काय भरंना झालंय. त्यांनी इचारलं कसला खड्डा, मी सांगितलं. तीन फुटाचा, वर काटं टाकल्यात, धोंडं लावल्यात. आन् मावशीनी फोनच ठिवला रं. मग बघतो तर रिक्षा करून हितं." त्याला काय झालंय ते कळलं नव्हतं, पण आपल्या हातून काहीतरी झालंय एवढं कळलं होतं. तो म्हणाला, "मी च्या सांगून येतो," आणि खाली उतरला, आणि खूप वेळ वर आला नाही.

"दाव," आई म्हणाली.

प्रसेनजीतने खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि सातवा पट्टा उघडला. आभाळ आलं, टेकडी आली, उतार भरत गेला. आई पुढे वाकली. चष्मा काढून तिने पदराने पुसला, पुन्हा घातला. मग तिने बोट पुढे केलं, पण काचेला लावलं नाही. "ह्यो वडा."

"व्हय."

"मी हितं हुबी हुते."

"व्हय."

"तितनं कायबी दिसत न्हाई. ही चढण आडवी येती." तिचा आवाज अगदी कोरडा होता, बाजारात भाव विचारावा तसा. "मला वाटायचं लई लांब नेली. वाटायचं पार डोंगरात नेऊन ठिवली. हितंच हुती व्हय. हाकंच्या अंतरावर."

त्याने तिला ओढ्यावरून पलीकडे नेलं. माऊस हळूहळू पुढे सरकवत, जमिनीलगत, चालणाऱ्या माणसाच्या बेताने नेलं, घाई न करता. चढण आली, चढणीच्या मागून ती जागा आली. खळगा, काटे, धोंडे. प्रसेनजीतला वाटलं आता ती रडेल, आणि आपल्याला ते सोसणार नाही. ती रडली नाही. तिने विचारलं, "डोस्कं कुणीकडं?"

"टेकडीकडं."

"बरं केलं." थोड्या वेळाने म्हणाली, "नक्की हीच जागा?"

इथे तो अडखळला. त्या चढणीचा कोन, ओढ्यापासूनचं अंतर, सगळं त्याच्या हाताने परस्पर केलेलं. त्याच्या डोक्याला विचारलं तर डोकं शपथ घेणार नाही. पण हाताला ठाऊक होतं. "हीच," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला ते खरं वाटलं. मग त्याने सगळं एकदम सांगून टाकलं. तिकडे ती जागा राहिली नाही, मुरूम काढला, रस्त्याला नेला, आता पाण्याचं डबकं आहे, मी आत्ता तिथूनच येतोय. आई ऐकत होती. तिला नवीन काही कळत होतं असं दिसलं नाही. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "वड्याच्या पल्याडची माती समदी त्या रस्त्यात गेली. तिच्यावरनं येस्टी जाती तवा मी पाय वर घेती. शिटावर मांडी घालून बसती, वडगाव येईस्तवर. बाया म्हंत्यात गुडघं दुखत्यात व्हय पारूबाई. म्हंती व्हय." आणि मग, चेहऱ्यावरची एक रेघ न हलवता, "ते काटं काढ आता. कोल्हं कुटलं आलं हितं?"

त्याने फांद्या काढल्या, एकेक. धोंडे काढले. उघडा खळगा राहिला, आणि उघडा तो फारच लहान दिसायला लागला. "माती बसली हाय," आई म्हणाली. "बसतीच. भर घालाय पायजे हुती. तुझ्या आप्पाचं पाऊल उचाललं न्हाई, त्येला मी काय बोल लावत न्हाई. पर मी हुते की. मला म्हाईत असतं तर रातीचं जाऊन घातली असती, कुणाला इचारलं नसतं." तिने माऊसकडे पाहिलं. "ह्येनंच भरायचं व्हय?"

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याने जमीन उचलण्याचा ब्रश घेतला, तो खळग्यावर नेऊन ठेवला आणि आईचा हात उचलून माऊसवर ठेवला. हाताची कातडी खरखरीत होती. बोट कुठलं, कसं, ते दाखवलं. "दाबलंस की माती पडंल," तो म्हणाला. तिने जमिनीवर नीट बसल्यासारखी बैठक सावरली, पदर डोक्यावर घेतला, आणि ओठ हलू लागले. बुद्धं सरणं गच्छामि. तिने बटण दाबलं. खळग्याचा तळ बोटभर वर आला. धम्मं सरणं. पुन्हा दाबलं. तिला मध्ये थांबवणारं कुणी नव्हतं, ओढा नव्हता, माघारी फिरा म्हणणारं कुणी नव्हतं. ती एकेक मूठ माती देत राहिली, सावकाश, प्रत्येक मुठीनंतर वाकून बघत, आणि तीन दिवस जे काम प्रसेनजीतच्या बोटाने नाकारलं ते तिच्या बोटाने असं केलं की त्याला हेवा वाटला. जमीन बरोबरीला आली. गवत कडेने आत आलं. आता बघणाऱ्याला तिथे काहीसुद्धा दिसलं नसतं. "बास," आई म्हणाली, आणि हात काढून घेऊन तो तिने लुगड्याला पुसला, जणू माती लागली होती.

फाइल पाठवायला त्याला दोन मिनिटं लागली. अमरसिंह चहा घेऊन आला, दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं, आणि काही न विचारता त्याने आईच्या हातात कप दिला. आईने चहा प्यायला, चहात बुडवायला बटर मागून घेतलं, तेही खाल्लं. ती हलकी झाली होती, हे दिसत होतं. आणि प्रसेनजीत मात्र आतून रिकामा होत चालला होता. त्याचं ओझं उतरलं म्हणावं तर तसं नव्हतं. ओझं कुणीतरी नेलं, आणि ज्या जागी ते इतकी वर्षं होतं ती जागा आता त्याच्यात उघडी पडली होती. जिना उतरताना बेकरीतून पावाचा गरम वास वर येत होता. मधल्या वळणावर आई कठडा धरून थांबली. त्याला वाटलं तिला दम लागला.

"तवा तू केवढा हुतास रं, जितू?"

"नऊ वर्साचा असंन."

"नऊ वर्साचं पोर," ती म्हणाली. मग खाली बघत, पायरीशी बोलल्यासारखी, "वड्यात उतारलास तवा तू वळून माझ्याकडं बघितलं हुतंस. मला दिसलं. तुला जायाचं नव्हतं. मी म्हणाय पायजे हुतं, त्येला नगं न्हिऊ, त्येला हितं माझ्याजवळ ऱ्हाऊं द्या. मी हाक मारली न्हाई. लेकीच्या नादात मला तू दिसून दिसला न्हाईस."

प्रसेनजीतला आपण वळून पाहिल्याचं आठवत नव्हतं. त्या दिवसातलं सगळं शाबूत होतं, तेवढंच नव्हतं. तो काहीतरी बोलायला गेला, "तसं काय न्हाय, आई," असलं काहीतरी. पण तो तिथेच पायरीवर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला, लाज सोडून, नाक गळेपर्यंत, घरात त्या दिवशी कुणीच त्याच्याकडे बघितलं नव्हतं म्हणून. खालून एक गिऱ्हाईक वर डोकावलं आणि मागे सरलं. आई त्याच्या शेजारी बसली. जिना अरुंद होता, दोघांना जेमतेम जागा होती. "काटा मोडला हुता, आई, हातात," हुंदक्यांतून एवढंच त्याच्या तोंडून निघालं. तिने त्याचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि तळहात उघडून बघू लागली.

"दाव," ती म्हणाली. "कुटं मोडलाय?"